हळदीकुंकवातली मोजणी

आमच्या भागात मराठी मतं किती, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि आपल्याला ते माहीत आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणत, निम्मं इंदूर आपलं. बाबा म्हणत, निम्मं नाही, पण चौथाई कुठे गेलं नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळचा भाजीवाला म्हणे, "बाई, सुबे से शाम तक मराठी में ही भाव करूं हूं, और कित्ते चिये तुमको?" नवं मध्य प्रदेश राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. राजधानी भोपाळला गेली, दफ्तरं गेली, दफ्तरांबरोबर काही घरंही गेली. मागे उरलेले आम्ही एकमेकांना सांगत होतो की आपण पुष्कळ आहोत.

एरवी ही ओट्यावरच्या गप्पांची गोष्ट. त्या हिवाळ्यात तिच्यात माझ्या आत्याची नोकरी अडकली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा झाली, माहेरी परत आली, ट्रेनिंग केलं आणि काही वर्षं बाहेरगावी नोकरी करून नदीकाठच्या सरकारी प्राथमिक शाळेत मराठी पहिलीचा वर्ग घेऊ लागली. मीही पहिली तिच्याच हाताखाली केली. घरी आत्या, शाळेत बाई. वर्गात चुकून "आत्या" म्हटलं की हातावर पट्टी. ती आमच्याकडेच राहायची. नोकरी होती म्हणून आमच्या घरात तिच्या शब्दाला वजन होतं. नोकरी नसलेल्या विधवा कशा राहतात, ते आजूबाजूच्या घरांत दिसत होतं: मागच्या खोलीत, पापड लाटत, दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालत, उरलं ते जेवत. आत्या मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी डबा घेऊन बाहेर पडे आणि आई तिच्यासाठी आधी चहा टाकत असे. नोकरीने पडणारा फरक हा असा होता, आणि तो काही लहान नव्हता.

शाळेतले मराठी वर्ग एकेक करून बंद होत आले होते. दिवाळीनंतर शिक्षण खात्याचा साहेब तपासणीला आला आणि जाताजाता मुख्याध्यापकांना सांगून गेला की जूनपासून पहिलीही बंद, मास्तरणीला जिथे जागा असेल तिथे पाठवू. आत्या पन्नाशीला आली होती. तिच्या सगळ्या परीक्षा मराठीतल्या. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती आणि टांगेवाल्यापुरती. त्या हिंदीत मुलांना शिकवायचं म्हणजे दोघांचे हाल.

"वरून कोणी शब्द टाकला तर राहील," मुख्याध्यापक तिला म्हणाले. वरून म्हणजे भोपाळहून.

निवडणूक तोंडावर होती. बाबा मंडळाचे चिटणीस, म्हणून त्यांनी हा विषय सभेत काढला आणि मंडळाने उमेदवाराकडे निरोप धाडला. उमेदवार आला नाही, त्याचा माणूस आला. अंगाने भरलेला, तोंडात पान, लहानमोठ्या सगळ्यांना भिया म्हणणारा. आम्ही मुली मागच्या सतरंजीवर बसलो होतो. त्याने अध्यक्षांचं भाषण पूर्ण होऊ दिलं नाही.

"देखो भिया, इस्कूल-विस्कूल सब हो जायगा. भोपाल में एक बार बोलना है बस. पर भोपाल वाले पूछेंगे नी, कि मराठी लोगों के वोट कित्ते हैं? तो हम क्या बोलें?"

"निम्मं शहर आपलं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आधा तो सबका है भिया. जैन बोलते हैं आधा हमारा, बोहरे बोलते हैं आधा हमारा. हमको तो चार आधे का शहर दिख रिया है. कागज पे बताओ. और बच्चे मत गिनाना, बच्चे वोट नी देते. इक्कीस के ऊपर वाले गिनाओ. अपने यां के, और पूरे प्रदेश के, जिले-जिले के. फिर देखो, भोपाल कैसे सुनता है."

तो गेल्यावर कोणीतरी म्हणालं की सरकारी मतदार यादी आहेच की, तीच बघू. पण यादीत भाषा लिहिलेली नसते. आडनावावरून ओळखावं, तर लिहिणाऱ्याने आमच्या आडनावांची अशी वाट लावली होती की स्वतःचं घर सापडायला दोनदा वाचावं लागे. अध्यक्ष म्हणाले, आपली माणसं आपण मोजू.

अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. ते दरबारच्या जुन्या घराण्यातले. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले, वडील संस्थानच्या कारभारात होते. सगळे त्यांना सरदारसाहेब म्हणत. आमचे आजोबा रेल्वेतल्या नोकरीमुळे इथे आले आणि बाबा पोलोग्राउंडकडच्या एका कारखान्यात कारकून. मंडळात असे दोन प्रकारचे लोक होते, आधी आलेले आणि नंतर आलेले. आधी आलेले बोलत आणि नंतर आलेले लिहून घेत. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. बाबांना तर नाहीच. सरदारसाहेब आपल्याला नावाने हाक मारतात, याचंच त्यांना अप्रूप.

बाबांनी कारखान्यातून नकाशे काढायचा मोठा कागद आणला, त्यावर रेघा मारल्या आणि मला बसवलं, कारण माझं अक्षर बरं होतं. मी कॉलेजात होते. मला स्वतःला मत नव्हतं, एकविसावं पूर्ण व्हायचं होतं. डावीकडे राज्यातले जिल्हे लिहिले, पुढे पुरुष, बायका, एकूण. बाबांनी गावोगावच्या मंडळांना पत्रं टाकली. ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, धार, जबलपूर, सागर, इथून पोस्टकार्डं आली. एकाने सभासदांची संख्या घेऊन तिला पाचाने गुणलं होतं. दुसऱ्याने आकडा दिलाच नाही. आमच्याकडील समाज सुसंस्कृत असून संख्येपेक्षा गुणांना महत्त्व देतो, असं कळवलं. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, निमाड या रकान्यांत काहीच आलं नाही.

आत्या नोकरीच्या सुरुवातीला बऱ्हाणपुराला होती. तिने कागद पाहिला.

"निमाड कोरं का?"

"तिकडून पत्र नाही आलं," बाबा म्हणाले.

"अरे, बऱ्हाणपुराच्या बाजारात मराठीशिवाय पान हलत नाही. खेडीच्या खेडी आहेत. छिंदवाड्याकडे तर म्हणे नांगर पण मराठीत हाकतात."

"ते खरं गं ताई. पण तिथे आपलं मंडळ नाही."

"मग?"

"मग पत्र कोणाला टाकू?"

ती म्हणाली, "बरं," आणि वह्या तपासायला बसली. रकाने कोरेच राहिले.

इंदुरातली मोजणी कशी करायची यावर दोन सभा झाल्या. पुरुष दिवसा नोकरीवर, आणि घरात कोण किती वयाचं आहे हे बायका परक्या पुरुषाला उंबऱ्यावर सांगणार नाहीत. तेव्हा आमच्याच बाखळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका वकिलांची बायको उठली. सगळे त्यांना वकीलीणबाई म्हणत. हुशार आणि खटपटी बाई, मंडळातली अर्धी कामं त्याच करत.

"संक्रांत आलीच आहे," त्या म्हणाल्या. "रथसप्तमीपर्यंत आम्ही घरोघर हळदीकुंकवाला जाणारच. वाण घेता घेता विचारून घेऊ. वेगळी फेरी कशाला?"

सरदारसाहेबांनी मान डोलावली. बाबांनी ठरावात लिहून घेतलं. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. एवढी सोपी युक्ती पुरुषांना सुचली नाही म्हणून बायका खूशही झाल्या.

वकीलीणबाईंबरोबर लिहायला मी. रोज दुपारी गल्लीत पोरांची गिल्लीदांडू चालू असे, ती चुकवत आम्ही घरं घ्यायचो. दिवाणखान्यात सतरंजी, तबकात हळदकुंकू, तिळगूळ, कोणाकडे वाण म्हणून फणी, कोणाकडे साबणाची वडी. सगळ्या टेकल्या की वकीलीणबाई विषय काढत.

"तुमच्याकडे एकवीसच्या वर किती हो?"

"धाकटे भावजी आत्ताच एकवीस झाले, पण अक्कल काही आली नाही. धरू का?"

"अक्कल बघून मत दिलं असतं तर आमच्या ह्यांना पण नसतं मिळालं. धर गं."

"आणि तुमचं वय?"

"लिही नी तेवीस."

"अगं बाई! तुमची मोठी यंदा मॅट्रिकला ना?"

"तर मग सव्वीस लिही. फालतू में पोलीस कशाला बोलावतेस?"

असं हसतखेळत काम होत होतं. घरात सून, सासू, दीर, जावा, सगळे भरभर सांगितले जायचे, मी लिहायचे, आणि निघताना पुन्हा कुंकू लावून तिळगूळ हातावर पडायचा.

आता यात काय चुकत होतं ते इथेच सांगते. हळदीकुंकवाला विधवा बोलावत नाहीत आणि त्या दिवशी घरातली विधवा बाहेरच्या खोलीत येत नाही. तिचा विषयही काढत नाहीत. कुंकवाच्या तबकावरून तो काढणं अशुभ. तेव्हा विचारणारीने विचारलं नाही, सांगणारीने सांगितलं नाही. मुद्दाम लपवण्याचा कोणाचा हेतू नव्हता. तबक समोर असताना बायकांना घरात जेवढी माणसं आठवायला हवीत तेवढीच आठवली. आणि आमच्या त्या भागात, तापांच्या आणि लवकर लग्नांच्या त्या काळानंतर, मागच्या खोलीत एकतरी बाई नाही असं घर शोधावं लागलं असतं. गिरणीकडच्या चाळींत मराठी बोलणारे कामगार होते, तिकडेही आम्ही गेलो नाही. वकीलीणबाईंचं तिथे हळदीकुंकवाचं येणंजाणं नव्हतं.

आमच्याकडचं हळदीकुंकू आत्या शाळेत असताना झालं. आईने सांगितलं: आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ. चार. मी लिहिलं. एक दिवस आत्या हात पुसत येऊन उभी राहिली आणि तिने आमची ओळ वाचली.

"चार कशी?"

आई गोंधळली. "अहो वन्सं, कुंकवाला आल्या होत्या त्या. त्यांना काय सांगायचं, म्हणून..."

"मला कुंकू लावा म्हणत नाहीये. मत आहे की नाही मला?"

"आहे की."

"मग पाच लिही."

मी पाच केलं. आई शरमून आत गेली. आत्या कागदावर वाकून बराच वेळ इतर घरं बघत होती. बाबा जेवायला बसले तेव्हा ती त्यांच्या समोर पाट घेऊन बसली.

"सरदारसाहेबांच्या घरचं वाचलंस?"

"मीच तर तपासलं."

"त्यांच्या भावजय कुठे आहेत त्यात? आलवणातल्या. शाळेतून येताना मी रोज बघते, गच्चीवर उभ्या असतात."

बाबांनी घास खाली ठेवला. "ताई, त्यांच्या घरातलं आपण कसं काढायचं?"

"का? मेल्या आहेत का त्या?"

"तसं नाही गं. सरदारसाहेब म्हणतील, कारकुनाने आमचं माजघर मोजायला घेतलं."

"वकिलांकडे त्यांची बहीण आहे. पलीकडे दोघी सासवा-सुना. डॉक्टरांकडे काकू. एक पण कागदावर नाही. सगळीकडे असंच झालंय. परत विचारायला पाहिजे."

"रथसप्तमी होऊन गेली. आता कोणत्या निमित्ताने जायचं?"

"मी जाते. मला कुठे निमित्त लागतंय?"

"तू सरकारी नोकर," बाबा म्हणाले. "निवडणुकीच्या कामाला दारोदार फिरलीस आणि कोणी वर कळवलं, तर आहे ती पण जाईल."

हे खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. मी म्हटलं, मग मी जाते. बाबा म्हणाले, तू गप्प बस, तुझं लग्न व्हायचंय.

"अरे, माझा वर्ग जातोय," आत्या म्हणाली.

"जात नाही. एवढ्या-तेवढ्याने काय होतंय?"

"सभेत नुसतं विचार तरी. नाव कोणाचं घेऊ नकोस. म्हण की राहिल्या असतील तर सांगा."

बाबा हो म्हणाले. पुढच्या सभेला ते उठले, मी मागे बसलेच होते. त्यांनी घसा खाकरला, म्हणाले की कोणाकडची काही संख्या राहिली असल्यास चिटणिसाकडे कळवावी. सरदारसाहेबांनी विचारलं, "राहिली म्हणजे? आपल्या बायकांनी घर न् घर घेतलंय." बाबा म्हणाले, "हो, हो, सहज आपलं," आणि बसले. वकीलीणबाईंनी त्यांच्याकडे जरा रागानेच पाहिलं. घरी आल्यावर आत्याने काय झालं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, विषय काढला. तिने माझ्याकडे बघितलं आणि वह्या पुढे ओढल्या.

बेरीज झाली. ती सगळ्यांच्या अंदाजापेक्षा फारच खाली निघाली. बाबांनी पुन्हा केली, तेवढीच आली. मग तीच स्वच्छ अक्षरात लिहून आम्ही सरदारसाहेबांच्या घरी उमेदवाराच्या माणसापुढे ठेवली. त्याने कागद उलटा धरून मागे काही आहे का बघितलं.

"बस?"

"अजून इतर जिल्हे आहेत," बाबा म्हणाले.

"ये खाली क्यों पड़े हैं? निमाड़, छिंदवाड़ा?"

"तिथे आमचं मंडळ नाही."

"मंडल नी है तो लोग नी हैं क्या?" तो हसायला लागला. "भिया, बुरा मत मानना. इससे ज्यादा तो हमारे यां एक नुक्ते में जीम लेते हैं."

नुक्ता म्हणजे माळव्यात तेराव्याचं जेवण. सरदारसाहेब उठून आत गेले. त्या माणसाने कागदाची लहानशी घडी केली, पानाच्या डब्याखाली दाबली आणि "देखते हैं" म्हणाला. इंदुरात देखते हैं म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं.

मतदान आत्याच्या शाळेतच होतं. बायकांच्या बूथवर बायकाच हव्यात आणि तशा मिळत नसत, म्हणून आत्याला आत बसवलं होतं, बोटाला शाई लावायला. बाहेर नियमाप्रमाणे लांब, निंबाच्या झाडाखाली मंडळाचं टेबल. बाबा यादी चाळत आणि मी चिठ्ठीवर नंबर लिहून देत होते. सकाळी नेहमीच्या बायका आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, गजरे माळून. त्या मी सगळ्या ओळखत होते. त्यांच्या घरचे लाडू खाल्ले होते.

दुपारच्या जेवणानंतर दुसऱ्या येऊ लागल्या. घरातली मागची आवराआवर झाल्यावर त्यांना वेळ मिळाला असणार. आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या, काही साध्या पांढऱ्या पातळातल्या माझ्या वयाच्याही. कोणी भाच्याचा हात धरून, कोणी दोघी-दोघी मिळून भिंतीच्या कडेने. बऱ्याच जणी वर्षानुवर्षं देवळापलीकडे गेलेल्या नसाव्यात. उन्हात डोळे बारीक करून कुठे उभं राहायचं ते विचारत होत्या. यादीत त्या सगळ्या होत्या. सरकारी माणसाने दारात उभं राहून घरात कोण कोण म्हणून विचारलं होतं आणि त्याच्या हातात कुंकवाचं तबक नव्हतं. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मी चिठ्ठ्या लिहीत होते आणि बाबा मान वर न करता नंबर सांगत होते.

सरदारसाहेबांच्या भावजय चादर लावलेल्या टांग्यातून आल्या. मी नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं, जरा मोठ्यानेच. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या दिराच्या घरचे सगळे सकाळीच मतं देऊन गेले होते. या एकट्याच आल्या होत्या.

उमेदवाराचा माणूस चहा पीत फिरत होता. तो टेबलाजवळ थांबला, रांगेकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"ये सब आपकी हैं?"

"हो," बाबा मराठीतच म्हणाले.

"अरे तो गिनाई क्यों नी, भिया?"

बाबांनी यादीचं पान उलटलं. तो उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतून निघून गेला.

संध्याकाळी आत्या घरी आली तेव्हा तिची बोटं काळी झाली होती. ती मोरीवर बसून चिंच लावून घासत होती. बाबा दारात जाऊन उभे राहिले.

"सगळ्या आल्या होत्या रे," ती म्हणाली. "हात पुढे करायच्या आणि विचारायच्या, बाई, याने काय होतं? मी काय सांगणार?"

शाई निघाली नाही. ती दुसऱ्या दिवशी तशीच वर्गावर गेली.

उमेदवार चांगल्या मतांनी निवडून आला. आमच्या मतांवाचून त्याचं अडलं नव्हतं, निदान कागदावर तरी. बाबा त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. एकदा तो भोपाळला होता आणि एकदा झोपला होता. सरदारसाहेबांनी इंग्रजीत एक पत्र दिलं. एप्रिलअखेर आत्याचा हुकूम निघाला: मराठी पहिली बंद, बदली गौतमपुऱ्याला, हिंदी शाळेत. वकीलीणबाईंनी मंडळातर्फे तिला निरोप द्यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, मला सामान बांधायचंय. बाबा बसपर्यंत ट्रंक घेऊन गेले. तिने त्यांच्याशी भांडण काढलं नाही. खिडकीशी जागा धर म्हणाली, त्यांनी धरली, आणि बस सुटेपर्यंत दोघं पाण्याच्या सुरईबद्दल बोलत राहिले.

दिवाळीला ती आली नाही. म्हणून पाडव्याला फराळाचा डबा घेऊन मला पाठवलं. धान्याच्या एका आडत्याच्या घरामागे तिला खोली मिळाली होती, बाजूला गुरांची दावण. गावात शुकशुकाट होता. त्या दिवशी तिथे दोन बाजूंची माणसं एकमेकांवर हिंगोट फेकतात, दारू भरलेली जळती फळं, आणि सगळं गाव ते बघायला मैदानावर लोटलेलं असतं. सकाळपासून लोक तिकडेच निघाले होते. आत्या दार लोटून आत बसली होती. वाळली होती. समोर हिंदीचं पुस्तक.

बाबांचा निरोप मी सांगितला: परत बदलीसाठी नवा अर्ज केलाय, जरा धीर धर.

"बदली कशावर मागणार? वर्ग कुठाय आता?" ती म्हणाली.  तिच्या नदीकाठच्या वर्गात हिंदी तिसरी बसायला लागली होती, मी सुटीआधी जातायेता बघितलं होतं.

"पोरं कशी आहेत?" मी विचारलं.

"पोरं चांगली आहेत. हसतात. मी वाचलं की हसतात. मग त्यांच्यातलीच एक मुलगी उठून नीट वाचून दाखवते आणि मी म्हणते, शाबास." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तुझी हिंदी बरी आहे. सुटीनंतर हा धडा आहे. वाच बघू मोठ्याने, मी मागून म्हणते."

तिला पुढचा उन्हाळा दिसला नाही. माघात ताप आला, बाबा पोहोचेपर्यंत आटोपलं होतं. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले आणि पहिलं वाक्य वाचलं. ते तिने मागून म्हटलं, अडखळली, पुन्हा म्हटलं. मी दुसरं वाचलं. बाहेर कोणीतरी ओरडत गेलं की शेवटची बस लवकर सुटणार आहे, डायवरला हिंगोट बघायचंय. आत्या म्हणाली, तू नीघ. मी म्हटलं, पान तर पुरं होऊ दे.

"मग सावकाश वाच," ती म्हणाली. "घाईत मला शब्द लागत नाहीत."

मी तेच वाक्य पुन्हा वाचलं.